मोरचूद न घालता

पूर ओसरल्यावर सुकुमार मगदूम
हातगाडीवर सतरा खातेवह्या घालून आला.
खापरपणजोबांची हळद त्यात:
हरिपूरच्या पेवांत किती पोती उतरली,
किती वर आली, कुणाची उधारी बुडाली.
“जमतंय का बघा,” म्हणाला, “नाहीतर रद्दी.”

पुठ्ठे फुगले होते
भाकरी फुगते तसे, एका अंगानं.
मी नखानं कड उचलली
आणि आतून एक बाई बघायला लागली.

आमच्या धंद्यात हे असतंच.
पुठ्ठा महाग, म्हणून हाताला लागेल तो जुना कागद
थरावर थर, खळ लावून, दाबात ठेवायचा.
खळीत मोरचूद, कसर लागू नये म्हणून.

येणार! येणार!! येणार!!!
प्रत्येक ‘येणार’ आधीच्याहून जाडा,
तालमीतले तिघे भाऊ ओळीनं उभे राहावेत तसा.
खाली, गायनाचा अपूर्व जलसा.
त्याखाली गोदूबाई म्हैसाळकर,
एवढ्या थोर टायपात
की छापखान्यात त्या मापाचा ळ नसावा.
बारका बसवलाय,
मोठ्यांच्या फोटोत ऐन वेळी घुसलेलं पोरगं,
शिरोरेघेला लोंबकळत.

चित्र तर तिचं नव्हेच.
कुणी गोरी बाई, घेरदार झगा, कुरळे केस.
विलायतेहून आलेला ठसा,
साबणाला तोच, खोकल्याच्या औषधाला तोच.
फक्त नाकापाशी कुणीतरी टोच्यानं
पांढऱ्या रेघेची नथ कोरलीय.
हात जरा घसरला, आकडा ओठापर्यंत आलाय.
ते कुणी केलं असेल, याचाच विचार
मी जेवताना करत होतो.

खुर्ची एक रुपया. बाक आठ आणे. जमीन चार आणे.
कुलीन स्त्रियांस बसण्याची सोय निराळी.
रडणारी मुले आणू नयेत.
शनिवारी रात्रौ ठीक नऊ वाजता.
कुठला शनिवार, तिथं मोरचूद कमी पडला होता.

दुसरा पुठ्ठा उसवला, तीच.
तिसरा. तीच.
सतरा वह्या, चौतीस पुठ्ठे.
संध्याकाळी दुकानातल्या दोरीवर
चिमटे लावून चौतीस गोदूबाई वाळत होत्या,
पंखा फिरला की सगळ्यांचे झगे एकदम हलायचे.

तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.
भिंतीवर चढलेली जाहिरात मागं उरत नाही.
तिच्यावर दुसरी चढते, ऊन खातं, पोरं फाडतात.
उरते ती न लागलेली.
म्हणजे गठ्ठाच्या गठ्ठा, छापल्या वासाचा, रद्दीत आला.
ताप आला असेल तिला. किंवा गावाला.
किंवा कुलीन स्त्रियांच्या नवऱ्यांना.
वहीत शोधलं. एकच ओळ सापडली:
‘जुना कागद, अडीच शेर, सहा आणे.’
कुणाकडून, ते नाही. पुढच्या ओळीत लगेच हळद.

तेहतीस परत आत घातल्या, तिच्याच जागी,
पाठीला पाठ लावून.
एक ठेवून घेतली.
शुक्रवारी रात्री गव्हाची ताजी खळ शिजवली,
मोरचूद न घालता,
आणि मारुती चौकातल्या बोळाच्या तोंडाशी लावली,
एका बाजूला क्लासची पाटी,
दुसरीकडे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स.

शनिवारी नऊला सहज गेल्यासारखा गेलो.
एक पोरगा मान वर करून वाचत होता.
“काका, चार आणे म्हणजे किती?”
सांगितलं.
“मग एवढं स्वस्त कसं?” म्हणाला
आणि इकडं तिकडं बघितलं, दार कुठं दिसतंय का.

रविवारी सकाळी लोहारांची शेळी
मागच्या दोन पायांवर उभी होती.
आधी दर खाल्ले. मग झगा. मग नथ,
तिथं जरा थांबली, जीभ फिरवली.
मी हाकललं नाही.
नावातली जाड जाड अक्षरं बुडातून ओढली तिनं.
ळ तेवढा राहिला.
वर होता, तोंड पोचेना.